मोबाइल हा लँडलाइनचा पर्याय आहे का? नियमनासाठी बाजारपेठेची हद्द ठरवण्याची रीत

२०२४च्या अखेरीस भारतात मोबाइलच्या जोडण्या सुमारे ११५ कोटी होत्या आणि वायरलाइनच्या जेमतेम चार कोटींच्या आत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बहुतेकांना प्रश्न निकालात निघाल्यासारखा वाटतो: लोक मोबाइलवर गेले, म्हणजे मोबाइलने लँडलाइनची जागा घेतली, म्हणजे लँडलाइनसाठी वेगळ्या नियमनाची गरज उरली नाही. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या सल्लामसलत पत्रांवर येणाऱ्या अभिप्रायांत, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आणि कंपन्यांच्या निवेदनांतही हा युक्तिवाद सर्रास आढळतो. तो चुकीचाच असतो असे नाही, पण जोडण्यांच्या संख्येवरून तो सिद्ध होत नाही. नियामकापुढे प्रश्न असतो तो असा की, लँडलाइन किंवा तारेचे ब्रॉडबँड महाग झाले तर मोबाइलकडे वळणाऱ्यांची संख्या ती दरवाढ तोट्याची ठरवण्याइतकी असेल का. असा अभिप्राय किंवा टिपण लिहावे लागणाऱ्यांसाठी पुढची रीत दिली आहे.

आधी हे समजून घ्यावे की या प्रश्नाच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून असते. बाजारपेठ फक्त स्थिर जोडण्यांची मानली, तर जुन्या तारांचे जाळे ज्या कंपनीकडे आहे तिचा वाटा मोठा दिसतो, ती बाजारपेठेत लक्षणीय सामर्थ्य असलेली ठरते आणि तिच्यावर बंधने येतात: प्रतिस्पर्ध्यांना आपले जाळे वापरू देणे, घाऊक दर (म्हणजे त्या वापरासाठी इतर कंपन्यांना लावायचा दर) जाहीर करणे, कोणाशी भेदभाव न करणे. त्याच बाजारपेठेत मोबाइल धरला की वाटा घसरतो आणि बंधनेही गळून पडू शकतात. त्यामुळे हद्द ठरवतानाच निम्मा निकाल लागलेला असतो, आणि म्हणून प्रत्येक पक्ष ती आपल्या सोयीची आखू पाहतो.

पहिले काम म्हणजे सेवा वेगळ्या करणे. ‘लँडलाइन’ या एका शब्दात फोनवरचे बोलणे, घरचे इंटरनेट आणि कार्यालयांच्या लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेल्या राखीव तारा) अशा तीन गोष्टी एकत्र येतात, आणि तिन्हींची उत्तरे वेगळी असतात. भारताचाच इतिहास पाहा. २००६च्या सुमारास देशात सुमारे पाच कोटी स्थिर जोडण्या होत्या, २०२०पर्यंत त्या दोन कोटींवर आल्या आणि त्यानंतर पुन्हा वाढून चार कोटींच्या जवळ पोहोचल्या. मोबाइल हा सरसकट पर्याय असता तर ही चढण दिसली नसती. जे गेले ते बोलण्यासाठी लँडलाइन वापरत होते आणि २००३मध्ये मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाल्यानंतर त्यांना घरच्या फोनचे भाडे भरण्याचे कारण उरले नाही. नव्याने आलेल्यांनी मुख्यतः फायबर ब्रॉडबँडसाठी तार घेतली आणि फोन त्याच्याबरोबर आला. एकाच आकडेवारीत बोलण्यापुरता पर्याय मोबाइल ठरल्याचा आणि घरच्या इंटरनेटपुरता तो न ठरल्याचा असे दोन्ही पुरावे आहेत, फक्त ते वेगळे करून वाचावे लागतात.

युरोपीय आयोगाच्या शिफारशींतही हाच कल दिसतो. ज्यांचे आगाऊ, म्हणजे सामर्थ्याचा गैरवापर होण्याआधीच, नियमन करणे योग्य ठरेल अशा १८ बाजारपेठा आयोगाने २००३मध्ये सांगितल्या होत्या आणि २००७मध्ये त्या सातवर आणल्या. स्थिर टेलिफोन जोडणीची किरकोळ बाजारपेठ तेव्हाही यादीत होती. २०१४मध्ये तीही वगळण्यात आली आणि २०२०च्या शिफारशीत फक्त दोन घाऊक बाजारपेठा उरल्या. बोलण्याच्या बाबतीत मोबाइल आणि इंटरनेटवरील कॉल यांचा दबाव मान्य झाला, पण तारेच्या जाळ्याची घाऊक उपलब्धता मात्र यादीतून गेली नाही.

सेवा वेगळी केल्यावर जोडणी आणि वापर यांतला फरकही धरावा. घरात लँडलाइन असलेला माणूस निम्मे कॉल मोबाइलवरून करतो, तेव्हा वापर सरकतो, पण जोडणी कायम असते आणि भाडे भरले जात असते. कंपनीची दरवाढीची ताकद तपासताना जोडणी तोडणारा ग्राहक मोजायचा असतो. कॉलचे मिनिट घटल्याचे तक्ते देऊन ‘पर्याय सिद्ध झाला’ म्हणणारी निवेदने इथेच घसरतात.

आता मुख्य कसोटी. समजा, देशातल्या किंवा एखाद्या भागातल्या सर्व स्थिर ब्रॉडबँड जोडण्या एकाच काल्पनिक मक्तेदाराकडे आहेत. त्याने दर पाच ते दहा टक्क्यांनी वाढवले आणि ते काही काळ तसेच ठेवले, तर त्याला फायदा होईल का? होत असेल, तर स्थिर ब्रॉडबँड ही स्वतंत्र बाजारपेठ आहे. इतके ग्राहक मोबाइलकडे गेले की वाढ तोट्यात आली, तर मोबाइल बाजारपेठेत धरून हीच कसोटी पुन्हा लावावी. या मक्तेदाराकडे सर्व स्थिर जोडण्या आहेत हे विसरू नये. एका फायबर कंपनीकडून दुसऱ्या फायबर कंपनीकडे जाणारा ग्राहक त्याच्या हातून गेलेला नसतो आणि त्याला मोजायचे नसते. सर्वेक्षणांत ही चूक फार वेळा होते.

आकडे घालून पाहू. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. हजार ग्राहक, दरमहा ५०० रुपये आणि एक ग्राहक गेल्यास वाचणारा खर्च १५० रुपये, म्हणजे प्रत्येक ग्राहकामागे ३५० रुपये उरतात आणि एकूण ३,५०,००० रुपये होतात. दर ५५० केला की प्रत्येकामागे ४०० उरतात. ३,५०,००० भागिले ४०० म्हणजे ८७५. म्हणजे १२५ ग्राहक गेले तरी मक्तेदाराचे नुकसान नाही आणि १२६वा गेला की तोटा सुरू होतो. ही १२.५ टक्क्यांची रेषा म्हणजे निर्णायक घट. सूत्रच हवे असेल तर दरवाढीच्या टक्केवारीला दरवाढ आणि नफ्याचे प्रमाण यांच्या बेरजेने भागावे: १० भागिले (१० अधिक ७०).

तारेच्या जाळ्यात खर्च एकदाच जमिनीत पुरला जातो आणि एक ग्राहक गेल्याने वाचणारा खर्च थोडा असतो, त्यामुळे नफ्याचे हे प्रमाण मोठे असते आणि निर्णायक घट लहान येते. याचा आधार घेऊन कंपन्या म्हणतात, ‘बघा, थोडे ग्राहक गेले तरी आमचे भागत नाही, म्हणजे मोबाइलचा दबाव आहे.’ हा अर्धाच युक्तिवाद आहे. नफ्याचे प्रमाण मोठे असणे हे अनेकदा ग्राहक सहजासहजी सोडून जात नाहीत याचेच लक्षण असते. म्हणून निर्णायक घट किती हे सांगून थांबू नये, तर प्रत्यक्षात अपेक्षित घट किती हे वेगळे दाखवावे आणि मग दोन्हींची तुलना करावी.

अपेक्षित घट शोधण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सर्वेक्षणाचा. त्यात प्रश्नाची शब्दरचना हाच कळीचा भाग असतो. ‘मोबाइल इंटरनेट तुम्हाला पुरेसे वाटते का?’ असे विचारले तर निम्मे लोक हो म्हणतील आणि त्यातून काहीच कळणार नाही. प्रश्न असा हवा: ‘तुमच्या भागातील सर्वच कंपन्यांचे तारेचे ब्रॉडबँड दरमहा ५० रुपयांनी महागले आणि वर्षभर दर तसेच राहिले, तर तुम्ही काय कराल: तीच जोडणी ठेवाल, कमी वेगाचा स्वस्त प्लॅन घ्याल, जोडणी तोडून फक्त मोबाइल डेटा वापराल, की टॉवरवरून घरात येणारी वायरलेस जोडणी घ्याल?’ कमी वेगाच्या प्लॅनचा पर्याय मुद्दाम द्यावा, कारण दर वाढला की खरे ग्राहक आधी तोच निवडतात आणि तो नसला की ते उत्तर ‘तोडून टाकू’ या रकान्यात जाऊन बसते. तोंडी ‘सोडू’ म्हणणाऱ्यांपैकी सगळे प्रत्यक्षात सोडत नाहीत, म्हणून उत्तरांना थोडी कात्रीही लावावी लागते.

दुसरा मार्ग घडून गेलेल्या दरबदलांचा, आणि माझ्या मते तो जास्त भरवशाचा आहे. मोबाइलचे दर एकदम घसरले किंवा वाढले तेव्हा त्या तिमाहींत त्याच भागातल्या स्थिर जोडण्या किती तुटल्या किंवा वाढल्या हे पाहावे. आपल्याकडे असा एक मोठा प्रसंग नियमनानेच घडवला होता. जानेवारी २००१मध्ये बेसिक (म्हणजे स्थिर फोनच्या) सेवेच्या परवानाधारकांना डब्ल्यूएलएल तंत्राने, म्हणजे घरापर्यंतच्या तारेऐवजी रेडिओ लहरी वापरून, मर्यादित फिरता फोन देण्याची मुभा मिळाली. फोन हातात घेऊन फिरता येई, पण साधारण तालुक्याएवढ्या क्षेत्राच्या आत. मुंबईत एमटीएनएलचा ‘गरुड’ अनेकांना आठवत असेल. कागदावर ही स्थिर सेवा होती आणि कॉलचा दरही तीन मिनिटांना १ रुपया २० पैसे असा लँडलाइनचाच होता. सेल्युलर कंपन्यांनी याविरुद्ध टीडीसॅट या दूरसंचार न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, कारण त्यांचे ग्राहक कोणाकडे जाणार हे त्यांना परवान्यावरच्या शब्दांपेक्षा अधिक नेमके ठाऊक होते. अखेर नोव्हेंबर २००३मध्ये स्थिर आणि मोबाइल अशा दोन्ही सेवांसाठी एकत्रित परवाना आला. परवान्याची हद्द आणि बाजारपेठेची हद्द एक नसते हे दाखवायला याहून चांगले देशी उदाहरण मला ठाऊक नाही. परवान्यात स्थिर म्हणून नोंदलेली सेवा मोबाइलचा पर्याय ठरली होती.

सुरुवातीचा दर कोणता धरायचा यातही खोच आहे. चालू दर आधीच मक्तेदारीने फुगवलेला असेल, तर त्याहून थोडी वाढ झाली तरी लोक कशाकडेही वळतील आणि नसलेला पर्यायही पर्याय भासेल. ड्युपाँट कंपनीच्या सेलोफेनच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५६च्या निकालावर हीच टीका झाली आणि त्यावरून या चुकीला ‘सेलोफेनचा भ्रम’ हे नाव पडले. दूरसंचारात उलटही घडते: नियामकाने दर खाली दाबून ठेवला असेल तर दहा टक्के वाढीनंतरही तो स्वस्तच राहतो, कोणी हलत नाही आणि बाजारपेठ असते त्यापेक्षा अरुंद दिसते. टिपणात सुरुवातीचा दर कुठून घेतला आणि तो स्पर्धेतल्या दराच्या जवळ का मानला हे दोन ओळींत तरी लिहावे.

सेवांच्या गुणांची तुलना ही कसोटीला पूरक असते, तिची जागा घेत नाही. पण ती नेमकी केली तर पुष्कळ कळते. आजच्या नेहमीच्या मोबाइल प्लॅनमध्ये दिवसाला दीड-दोन जीबी डेटा मिळतो, म्हणजे महिन्याला फार तर ६० जीबी. घरच्या फायबर जोडणीवर ३,३०० जीबीची मर्यादा प्रचलित आहे. पन्नास पटींहून अधिक फरक असेल तर घरात टीव्ही, दोन लॅपटॉप आणि मुलांचे ऑनलाइन वर्ग असलेल्या कुटुंबाला मोबाइल डेटा हा पर्याय नाही. एकट्या राहणाऱ्या आणि महिन्याला २० जीबी वापरणाऱ्या माणसाला तो आहे. सरासरी ग्राहक कोणता हे विचारण्यात इथे अर्थ नाही, कारण दरवाढीचा फायदा-तोटा ठरतो तो हलू शकणारे ग्राहक एकूणात किती यावरून. मात्र कंपनी या दोन गटांना वेगवेगळे दर लावू शकत असेल, तर हलणाऱ्यांमुळे न हलणाऱ्यांना संरक्षण मिळत नाही आणि गटांच्या बाजारपेठा वेगळ्या धराव्या लागतात.

टॉवरवरून घराच्या गच्चीवरील किंवा खिडकीतल्या यंत्रापर्यंत येणारी ५जी जोडणी मधली आहे. तिला महिन्याला १,००० जीबीची मर्यादा असते, ती एका पत्त्याला बांधलेली असते आणि घरभर वाय-फाय देते. वापरणाऱ्याच्या नजरेतून ती तारेच्या ब्रॉडबँडच्या शेजारी बसते. ट्रायच्या अलीकडच्या मासिक आकडेवारीत मात्र ती मोबाइलबरोबर वायरलेसच्या रकान्यात मोजली जाते. आकडेवारीचे रकाने तंत्रावरून पडतात, बाजारपेठ वापरावरून. तेव्हा वाटे काढताना हे आकडे वेगळे करून घ्यावेत, नाहीतर घरच्या ब्रॉडबँडची स्पर्धा मोबाइलच्या खात्यात लिहिली जाईल.

नियामकाने मोबाइलला खरोखर पर्याय मानल्याचे ठळक उदाहरण ऑस्ट्रियाचे आहे. २००९मध्ये तिथल्या नियामकाने घरगुती ब्रॉडबँडच्या बाजारपेठेत डीएसएल (टेलिफोनच्या तारेवरचे इंटरनेट) आणि केबलबरोबर मोबाइल ब्रॉडबँडही धरले. देशात अनेक मोबाइल जाळी होती, डोंगलवरचे इंटरनेट स्वस्त होते, त्या काळच्या डीएसएलच्या वेगाशी त्याची तुलना होऊ शकत होती आणि बऱ्याच घरांत तेच एकमेव इंटरनेट होते. युरोपीय आयोगाने हा निष्कर्ष मान्य केला, पण तो ऑस्ट्रियाच्या विशिष्ट परिस्थितीपुरता आहे असे मानून. या निर्णयाचा कमी सांगितला जाणारा भाग जास्त उपयोगाचा आहे: व्यावसायिक ग्राहकांसाठी मोबाइल हा पर्याय मानला गेला नाही आणि तिथले नियमन चालू राहिले. कार्यालयाला स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता), अपलोडचा वेग आणि बिघाड ठरावीक वेळेत दुरुस्त होण्याची हमी लागते, आणि ती डोंगल देत नव्हता. ऑस्ट्रियाचा दाखला देणाऱ्याने हे दोन्ही भाग एकत्र द्यावेत.

अमेरिकेतला दाखला उलट्या बाजूचा आहे. तिथे घरी लँडलाइन नसून फक्त मोबाइल असलेल्या कुटुंबांची मोजणी सरकारी आरोग्य सर्वेक्षणात होते, कारण टेलिफोनवरून आरोग्याचे प्रश्न विचारायचे तर कोणाकडे कोणता फोन आहे हे ठाऊक असावे लागते. २०१६च्या उत्तरार्धात अशा घरांचा वाटा निम्म्याच्या पुढे गेला. तरीही त्याआधी, २०१०मध्ये, फीनिक्स शहराच्या परिसरात आपल्यावरील बंधने उठवावीत असा क्वेस्ट या टेलिफोन कंपनीने केलेला अर्ज एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामकाने फेटाळला होता. अनेक घरांनी तार तोडली आहे हे नाकारले गेले नाही. मोबाइलमुळे तारेच्या फोनचे दर आवरले जातात याचा पुरावा समोर आला नाही, हा आक्षेप होता.

भारतातल्या कायद्याची चौकट लक्षात ठेवावी. स्पर्धा अधिनियम, २००२च्या कलम १९(७)मध्ये उत्पादनाची बाजारपेठ ठरवताना पाहायचे घटक दिले आहेत. गुणधर्म किंवा अंतिम उपयोग, किंमत आणि ग्राहकांची पसंती हे त्यातले आपल्या कामाचे. जिओच्या दरांविरुद्ध एअरटेलने केलेल्या तक्रारीत स्पर्धा आयोगाने २०१७मध्ये बाजारपेठ फक्त ४जीपुरती धरण्यास नकार दिला आणि ती प्रत्येक परिमंडळातील (दूरसंचार परवान्यासाठी आखलेल्या विभागातील) वायरलेस सेवांची, अशी २२ ठिकाणी आखली. ट्रायने फेब्रुवारी २०१८च्या दरआदेश दुरुस्तीत लक्षणीय सामर्थ्यासाठी ३० टक्के वाट्याची रेषा ठेवली होती, पण त्यातल्या महत्त्वाच्या तरतुदी टीडीसॅटने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द केल्या. तेव्हा ३० टक्के हा आकडा प्रचलित नियम म्हणून उद्धृत करू नये.

भौगोलिक हद्दीबाबत मोबाइलची सवय स्थिर सेवेला लावू नये. महाराष्ट्र परिमंडळात गोवाही येतो आणि मुंबई वेगळी आहे, ही आखणी मोबाइलच्या परवान्यांसाठी ठीक आहे. फायबर मात्र इमारतीच्या जिन्यापर्यंत असते किंवा नसते. पुण्यातल्या मोठ्या सोसायटीत तीन कंपन्यांच्या पेट्या असतील आणि तासाभराच्या अंतरावरच्या गावात एकही नसेल. त्या गावात मोबाइलला तोडच नसते, आणि ‘तिथे सगळे मोबाइलच वापरतात’ हा पर्यायक्षमतेचा पुरावा होत नाही, कारण निवडीला दुसरे काही नव्हतेच.

घाऊक बाजारपेठेचा प्रश्न असेल तर आणखी एक पायरी चढावी लागते. घाऊक दर दहा टक्क्यांनी वाढला आणि तो किरकोळ दराच्या ४० टक्के असेल, तर ग्राहकापर्यंत पोहोचते ती फार तर चार टक्क्यांची वाढ. एवढ्यासाठी मोबाइलकडे जाणारे त्याहूनही कमी असतात. किरकोळ पातळीवर मोबाइल पर्याय ठरला तरी घाऊक पातळीवर तो दबाव विरलेला असू शकतो. घाऊकसाठीही तोच निष्कर्ष उचलून ठेवला असेल तर हिशेब पुन्हा मांडायला सांगावे.

सर्व करून मोबाइल बाजारपेठेत आला, तरी सामर्थ्याचा प्रश्न तिथे संपत नाही. आपल्याकडे घरच्या ब्रॉडबँडमध्ये आघाडीवर असलेल्या जिओ आणि एअरटेल मोबाइलमध्येही आघाडीवर आहेत. तार तोडणारा ग्राहक त्याच कंपनीचा सिम वापरत असेल किंवा तिचीच ५जी जोडणी घेत असेल, तर दरवाढीने तो गमावला असे म्हणता येत नाही. म्हणून ‘किती गेले’ याच्या बरोबरीने ‘कोणाकडे गेले’ हा तक्ता जोडावा आणि त्यात एकाच समूहातल्या जोडण्या वेगळ्या रकान्यात दाखवाव्यात. निष्कर्षाला मुदतही घालावी. युरोपीय संघाच्या २०१८च्या संहितेनुसार बाजारपेठेचे विश्लेषण साधारणपणे पाच वर्षांनी नव्याने करावे लागते. आपल्याकडे ५जी घरजोडण्या ज्या वेगाने वाढत आहेत तो पाहता दोन-तीन वर्षांपलीकडचा निष्कर्ष जपूनच मांडावा, आणि ट्रायला अभिप्राय देताना कोणत्या तिमाहीपर्यंतची आकडेवारी वापरली ते पहिल्याच पानावर लिहावे.